नगरपालिका आणि स्थानिक वृत्तपत्र

शहराचा कारभार पाहणारी निवडून आलेली संस्था आणि त्याच शहरात वाचले जाणारे वृत्तपत्र यांच्यातील संबंध. बातमी, जाहिरात, कायदा आणि रोजची ओळखपाळख अशा सगळ्या वाटांनी तो चालतो. देशपातळीवरील सरकार आणि मोठी दैनिके यांच्यात जे अंतर असते ते इथे नसते. ज्याच्याविरुद्ध मथळा छापला तो नगरसेवक दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटतो, आणि जिच्यावर टीका करायची ती पालिकाच बऱ्याचदा वृत्तपत्राची भरवशाची जाहिरातदार असते.

दोघांनाही एकमेकांवाचून चालत नाही. पाणी कधी बंद राहणार, करवाढ केव्हापासून लागू, कोणत्या रस्त्याचे काम निघणार हे लोकांपर्यंत पोचवायला पालिकेला वृत्तपत्र लागते. वृत्तपत्राला सर्वसाधारण सभा, समित्यांचे ठराव, निविदा आणि लेखापरीक्षण अहवाल यांतून रोजची बातमी मिळते. मात्र सभेत जे बोलले जाते त्यापेक्षा महत्त्वाचे बरेच काही कागदांत असते. म्हणून पालिका ‘सांभाळणारा’ बातमीदार सभागृहाइतकाच लेखा विभागात आणि बांधकाम विभागात फिरतो. माणूसबळ कमी पडले की हे फिरणे आधी थांबते. मग पालिकेचे प्रसिद्धिपत्रक जवळपास जसेच्या तसे छापून येते.

सभागृहात बसण्याचा हक्क वृत्तपत्रांना आपोआप मिळालेला नाही. वेल्समधील टेन्बी या छोट्या शहराच्या नगरपालिकेने तिथल्या वृत्तपत्राच्या संपादकाला सभेला येण्यास मनाई केली. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९०८ मध्ये निकाल पालिकेच्या बाजूने लागला: सभेला हजर राहण्याचा हक्क जनतेला नाही, तसा वृत्तपत्रालाही नाही. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून बातमीदारांना सभांचे दार उघडले. पळवाट राहिलीच. संपूर्ण सभेने स्वतःला ‘समिती’ म्हणवून घेतले की बातमीदाराला बाहेर काढता येई. पुढे छपाई कामगारांच्या संपाच्या काळात, संपातही अंक काढणाऱ्या वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना काही नगरपालिकांनी बाहेर ठेवले. त्यानंतर १९६० चा नवा कायदा आला. तो खासगी विधेयक म्हणून मांडला होता नवख्या खासदार मार्गारेट थॅचर यांनी, आणि संसदेतले त्यांचे पहिले भाषणही याच विषयावर होते.

अब्रुनुकसानीच्या बाबतीत न्यायालयांनी वृत्तपत्रांना बरेच मोकळे केले आहे. अलाबामातील माँटगोमेरी शहराच्या आयुक्ताने ‘न्यूयॉर्क टाइम्स’वर लावलेल्या दाव्यात कनिष्ठ न्यायालयाने पाच लाख डॉलरची भरपाई ठरवली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ती रद्द केली. मजकूर खोटा आहे हे माहीत असून, किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापला, हे सिद्ध केल्याशिवाय सार्वजनिक अधिकाऱ्याला भरपाई मिळणार नाही असे तत्त्व घालून दिले. ब्रिटनमध्ये १९९३ च्या डर्बीशायर प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय) आणखी पुढे जाऊन सांगितले की स्थानिक स्वराज्य संस्थेला अब्रुनुकसानीचा दावाच करता येत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आर. राजगोपाल प्रकरणात हेच तत्त्व स्वीकारले. तरी नगराध्यक्ष किंवा अधिकारी व्यक्तिशः दावा करू शकतात, आणि तुटपुंज्या उत्पन्नाच्या साप्ताहिकाला निकालापेक्षा तारखांचा खर्च जड जातो.

पोलिसी बडगा क्वचित उगारला जातो. कॅन्सस राज्यातील मॅरियन या जेमतेम दोन हजार वस्तीच्या शहरात ११ ऑगस्ट २०२३ रोजी शहर पोलिसांनी ‘मॅरियन काउंटी रेकॉर्ड’च्या कचेरीवर आणि मालकाच्या घरावर छापा घातला. संगणक, फोन उचलून नेले. काही दिवसांतच, पुरेसा आधार नसल्याचे सांगून सरकारी वकिलाने झडतीचे वॉरंट मागे घेतले.

एरवीचे हत्यार पैसा हेच. अर्थसंकल्प, निविदा, जमीनवापरातील बदल यांच्या सूचना वृत्तपत्रात छापणे अनेक देशांत कायद्याने बंधनकारक आहे, पण कोणत्या वृत्तपत्रात, हे बहुधा पालिकाच ठरवते. एखादी मालिका झोंबली की जाहिरात शेजारच्या वृत्तपत्रात जाते किंवा बिल अडकून पडते. लेखी हुकूम कुठेच नसतो, त्यामुळे दाद मागायला पुरावाही नसतो. सभागृहाचे दार कायद्याने उघडता आले. जाहिरातवाटपावर तितका परिणामकारक उपाय अजून कुणाला साधलेला नाही. सूचना सरकारी संकेतस्थळावर टाकल्या की पुरे, असा पर्याय आता पुढे येतो आहे. त्याने जनतेचा पैसा वाचतो हे खरे, पण सूचना देणारा आणि ती जपून ठेवणारा एकच होतो.

पालिकेने स्वतःचेच वृत्तपत्र काढणे हा आणखी एक मार्ग. लंडनमधील टॉवर हॅम्लेट्स भागाच्या परिषदेचे, म्हणजे तिथल्या पालिकेचे, ‘ईस्ट एंड लाइफ’ दर आठवड्याला घरोघरी फुकट जाई. करदात्यांच्या पैशावर चालणारे असे अंक खासगी वृत्तपत्रांच्या जाहिराती खातात, अशा तक्रारी वाढल्यावर ब्रिटिश सरकारने २०११ च्या आचारसंहितेत अशा मोठ्या परिषदांच्या अंकांवर वर्षाला चारची मर्यादा घातली.

दबावाइतकीच मैत्रीही घातक ठरते. शहराच्या विकासात मालकाचे हितसंबंध गुंतले, किंवा ‘शहराचे नाव खराब होईल’ ही भीती संपादकाच्या मनात बसली, की कुणी न सांगताही बातमी मागे राहते. याची मोजदाद मात्र होऊ शकत नाही.

वृत्तपत्र नसले तर काय होते याचे कॅलिफोर्नियातील बेल हे ठळक उदाहरण आहे. या गरीब, लहान शहराच्या मुख्य प्रशासकाचा पगार वर्षाला सुमारे आठ लाख डॉलरवर गेला होता. शेजारच्या मेवूड शहराची चौकशी करणाऱ्या ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या बातमीदारांना २०१० मध्ये त्याचा सुगावा लागला. पुढे त्या प्रशासकाला तुरुंगवास झाला आणि वृत्तपत्राला २०११ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गाओ, ली आणि मर्फी यांना असे आढळले की स्थानिक वृत्तपत्र बंद पडलेल्या भागांत नगरपालिकांच्या कर्जरोख्यांवरील व्याज ०.०५ ते ०.११ टक्केबिंदूंनी चढते. ते फेडले जाते करातूनच.