पावसाळ्याअखेरच्या रानफुलांवरील कीटकनोंदी

पाऊस ओसरू लागल्यापासून माळ पिवळा पडेपर्यंत जी रानफुले फुललेली असतात, त्यांवर येणारे कीटक जागा, तारीख, वेळ आणि फुलाच्या नावासह टिपून ठेवण्याची पद्धत. महाराष्ट्रात तिचा भर भाद्रपद ते कार्तिक असतो. सोनकी, तेरडा, कवला, टाकळा, कुर्डू ही या दिवसांतली नेहमीची फुले. मधमाशी मध देते म्हणून तिच्याकडे लक्ष जाते. महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ असा मानही मिळाला. फुलपाखरांना त्यांच्या रंगांमुळे चाहते मिळतात. या दोघांच्या सावलीत राहिलेली, पण फुलांवर तितकीच राबणारी सिरफिड माशी ही या नोंदींतली सर्वांत मोलाची भर आहे.

सिरफिड माश्यांचे कुल सिरफिडी. जगभरात त्यांच्या ६,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे त्या गांधीलमाशी किंवा मधमाशीसारख्या दिसतात, पण त्यांना नांगी नसते. पक्षी फसावेत म्हणून घेतलेले हे सोंग माणसालाही फसवते. ओळखायची खूण पंखांत आहे: मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या, या माशीला एकच, मागच्या जोडीच्या जागी दोन इवल्या गुंड्या उरलेल्या असतात. मिशा आखूड, डोळे डोकेभर. बहुतेक जातींत नराचे दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना टेकतात, मादीच्या डोळ्यांत फट असते. आणि हवेत एकाच जागी खिळल्यासारखे तरंगणे तर एकदा पाहिले की विसरत नाही.

सप्टेंबरातल्या उघडिपीत, दव सुकल्यावर सोनकीपाशी बसावे. सोनकीचे जे एक फूल वाटते ते खरे म्हणजे अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो आणि मधल्या चकतीतली फुले कडेकडून आत उमलत जातात. माशी चकतीवर उतरते, सोंड टेकवते, उचलते, पुन्हा टेकवते आणि त्या उमललेल्या कड्याच्या वळणाने हळूहळू फिरते. मध्येच थांबून पुढचे पाय एकमेकांवर चोळते. पराग तिचे अन्न आहे. मादीला अंडी पिकवायला त्यातली प्रथिने लागतात. जवळ गेल्यावरही एखादी माशी उडाली नाही, तर फुलाच्या कडेला नीट पाहावे. पाकळीच्याच रंगाचा खेकडा-कोळी तिला धरून बसलेला असतो. हीसुद्धा नोंदच.

कीटकाबरोबर फुलाचे नाव लिहिण्याचा आग्रह यासाठी की फुलाची घडण पाहुणा ठरवते. सोनकीचा मकरंद उथळ, आखूड सोंडेलाही पोहोचता येतो. म्हणून तिच्यावर माश्या, भुंगेरे, लहान मधमाश्या सगळेच दिसतात. तेरड्याचा मकरंद मागच्या लांब नळीच्या टोकाशी असतो. तिथे फुलपाखराची किंवा लांब जिभेच्या मधमाशीची सोंड हवी; सिरफिड माशी आली तर ती परागापुरती. टाकळ्याच्या फुलात मकरंद नसतोच आणि पराग परागकोशाच्या टोकावरच्या छिद्रांतून बाहेर पडतो. निळ्या पट्ट्यांची मधमाशी फुलाला घट्ट धरून छातीचे स्नायू थरथरवते आणि पराग झटकून घेते; तो आवाज हातभर अंतरावरून ऐकू येतो. सिरफिड माशीला ही युक्ती साधत नाही. ‘माळावर सिरफिड माशी दिसली’ एवढ्याच नोंदीतून यातले काहीच हाती लागत नाही.

कीटक फुलावर काय करत होता हेही लिहावे. खुळखुळ्याच्या वाळक्या झुडपावर ब्लू टायगर फुलपाखरांचे नर गर्दी करतात, पण ते मधासाठी आलेले नसतात. वाळक्या भागांतली क्षारके (अल्कलॉइड ही विषारी द्रव्ये) ते शोषून घेतात. बचावासाठी आणि मादीला आकर्षित करणाऱ्या गंधासाठी ती त्यांना लागतात. घाईत ‘खुळखुळ्याच्या फुलावर फुलपाखरू’ असे लिहिले की नोंद खोटी ठरते.

मोजणीसाठी ब्रिटनमधली रीत सोयीची आहे. तिथल्या परागसिंचक निरीक्षण योजनेत २०१७ पासून स्वयंसेवक अर्धा मीटर लांब-रुंद चौकोनातल्या एका जातीच्या फुलांवर दहा मिनिटांत किती कीटक उतरले ते गटवार मोजतात. त्यांचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. आपल्याकडे सप्टेंबरात तो भरात येतो. तेव्हा तारखा आपल्या ठेवाव्यात, रीत मात्र जशीच्या तशी उचलावी. चौकोनात फुले किती, ऊन की ढग, वारा किती हे वहीत आधी लिहायचे. दहा मिनिटांत कोणीच आले नाही तर शून्य लिहायचे. शून्य लिहायला मन होत नाही, पण ते गाळले तर पुढल्या वर्षीच्या आकड्यांशी तुलना उरत नाही.

छायाचित्रे वरून, बाजूने आणि समोरून घ्यावीत, पंखांच्या शिरा दिसल्या तर उत्तम. इस्किओडॉन स्कुटेलॅरिस ही आपल्याकडची अगदी नेहमीची जात छातीच्या कडेच्या पिवळ्या पट्टीवरून ओळखू येते. एरिस्टॅलिनस प्रजातीतल्या माश्या डोळ्यांवरच्या ठिपक्यांवरून किंवा पट्ट्यांवरून. पॅरागस या बारक्या माश्यांची जात ठरवायला मात्र नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात, म्हणून चित्रावरून ‘पॅरागस’ इतकेच लिहून थांबावे. कीटकशास्त्रज्ञ ब्रुनेटी यांनी भारतातल्या सिरफिड माश्यांचा मोठा आढावा १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली बरीच नावे आता बदलली आहेत. आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर नोंदी ठेवता येतात आणि जाणकार त्या तपासतात.

यासाठी कासला जायलाच हवे असे नाही. तिथल्या पठारावर मातीचा थर पातळ आहे, वाट सोडून एक पाऊल टाकले तरी फुले तुडवली जातात. गावाकडेचा बांध, शाळेमागची पडीक जागा, रस्त्याकडेचा टाकळा-कुर्डूचा पट्टा जास्त उपयोगाचा, कारण तिथे दर आठवड्याला जाता येते. दसऱ्याआधी ग्रामपंचायत किंवा सोसायटी ‘साफसफाई’ म्हणून नेमका हाच पट्टा कापून काढते, तेव्हा ऐन भरातली खानावळ बंद होते.

हे नुकसान शेतापर्यंत पोहोचते. इस्किओडॉनसारख्या माश्यांच्या अळ्या मावा खातात. मादी माव्याच्या घोळक्यातच अंडी घालते. डोळे व पाय नसलेली अळी डोके डोलावत मावा चाचपते, उचलते आणि शोषून टरफल टाकते. रब्बीत करडईवर मावा पडतो तेव्हा या अळ्या त्यावर सापडतात. करडई फुलण्याआधी त्यांच्या आयांना पराग आणि मकरंद पुरवतात ती बांधावरचीच रानफुले.

सोनकी संपली, कुर्डू वाळला तरी वही मिटू नये. भात कापल्यावर खाचरातल्या ओलीवर गोरखमुंडीचे जांभळट गोंडे धरतात. आजूबाजूचे रान वाळलेले असते, त्यामुळे थंडीतल्या दुपारी जे कीटक उडत असतात ते याच गोंड्यांवर भेटतात.