मान मोकळी करणे आणि मान बळकट करणे

सामन्याआधी खेळाडू मैदानाच्या कडेला उभे राहतात, मान डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरवतात, एका हाताने डोके खांद्याकडे ओढून काही क्षण धरून ठेवतात आणि 'मानेचा व्यायाम झाला' असे समजून पायांच्या व्यायामाकडे वळतात. या हालचाली करण्यात चूक काहीच नाही. मात्र एवढ्याने डोक्याला बसणाऱ्या धक्क्यापासून बचाव होईल असे मानणे चुकीचे आहे. 'मानेचा व्यायाम' या एकाच नावाखाली दोन वेगळी कामे येतात. मान मोकळी करणे, म्हणजे स्ट्रेचिंग, हे एक. आणि मान बळकट करणे हे दुसरे. शाळा-महाविद्यालयांच्या संघांत पहिले नेमाने होते आणि दुसरे बहुधा राहूनच जाते, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

मेंदूला बसणारा हादरा, म्हणजे कन्कशन, मुळात कसा होतो ते आधी पाहू. मेंदू कवटीच्या आत द्रवाने वेढलेला असतो. डोक्याला एकदम झटका बसतो किंवा ते गर्रकन फिरते, तेव्हा कवटी आधी हलते, मेंदू किंचित मागे राहतो आणि त्या ओढाताणीत चेतापेशींच्या नाजूक तंतूंवर ताण येतो. त्यासाठी डोक्यावरच मार बसायला हवा असे नाही; छातीवर किंवा खांद्यावर आदळलेल्या खेळाडूचे डोकेही तितक्याच वेगाने हिसडले जाऊ शकते. हेल्मेट कवटी फुटण्यापासून चांगले वाचवते, पण आतल्या मेंदूचे हे हिंदकळणे ते पुरते थांबवू शकत नाही.

मानेचे महत्त्व इथेच आहे. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. मान सैल असताना धक्का बसला, तर तो या पाच किलोंनाच झेलावा लागतो आणि डोके झटकन उडते. त्याच क्षणी मानेचे स्नायू चारी बाजूंनी आवळलेले असतील, तर डोके धडाशी घट्ट जोडले जाते, धक्क्यासमोर डोक्याबरोबर धडाचे वजनही उभे राहते आणि डोक्याला मिळणारा वेग कमी होतो.

आता स्ट्रेचिंगकडे पाहू. त्याने मानेचा आखडलेपणा जातो, सांध्यांची हालचाल वाढते, आणि बाजूने धावत येणारा प्रतिस्पर्धी मान वळवून चटकन पाहता येतो. हा फायदा लहान नाही, कारण दिसलेल्या धडकेसाठी शरीर आधीच सावध होते. परंतु धक्क्याला विरोध करण्याची शक्ती स्ट्रेचिंगमधून येत नाही. उलट, एकाच स्थितीत मिनिटभराहून अधिक काळ ताण धरून ठेवला तर स्नायूची ताकद काही वेळापुरती कमी होऊ शकते. म्हणून सामन्यापूर्वी हलत्याफिरत्या हालचाली कराव्यात आणि दीर्घ ताण देणे सरावानंतर ठेवावे, हे मला अधिक योग्य वाटते.

बळकटीचा व्यायाम याच्या नेमका उलट असतो: त्यात सुरुवातीला डोके हलतच नाही. पाठ ताठ ठेवून बसावे, हनुवटी किंचित आत घ्यावी, तळहात कपाळावर ठेवावा आणि डोक्याने तळहात पुढे ढकलावा. पण हाताने तेवढाच विरोध करून डोके जागचे हलू देऊ नये. सुरुवातीला निम्माच जोर लावावा, पाच-सहा सेकंद धरावा, श्वास रोखू नये आणि मग हळूहळू सोडावे. हेच डोक्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना हात ठेवून करावे. कपाळाने ढकलताना दुसऱ्या हाताची बोटे मानेवर ठेवली, तर कानामागून छातीच्या हाडाकडे तिरका उतरणारा स्नायू दोरीसारखा ताठ झालेला लागतो. स्ट्रेचिंगमध्ये तोच स्नायू सैल पडून लांबत असतो. एवढ्या एका स्पर्शाने दोन्हींतला फरक कोणत्याही विद्यार्थ्याला समजावता येतो. हे जमू लागले की रबरी पट्टा किंवा सोबत्याच्या हाताचा विरोध वापरावा. आठवड्यातून दोन-तीन वेळा, आणि तेही काही आठवडे सातत्याने केले तरच ताकद वाढते.

याला संशोधनाचा आधार आहे, पण तो तोलूनमापून घ्यायला हवा. अमेरिकेत फुटबॉल (सॉकर), बास्केटबॉल आणि लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ) खेळणाऱ्या ६,७०४ शालेय खेळाडूंच्या मानेची ताकद मोजली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ताकद एका पौंडाने, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमने, जास्त असली की कन्कशनची शक्यता ५ टक्क्यांनी कमी दिसली. हा संबंध आहे. व्यायामाचा परिणाम त्यातून सिद्ध होत नाही. २००५ सालच्या एका अभ्यासात तर महाविद्यालयीन फुटबॉलपटूंनी आठ आठवडे मानेचा व्यायाम केल्यावर ताकद वाढली, पण अचानक बसलेल्या झटक्यात डोके सावरण्यात फरक पडला नाही. ताकद असूनही स्नायू वेळेवर आवळला गेला नाही, तर ती कामी येत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. याउलट, इंग्लंडमधील शालेय रग्बी संघांत मानेच्या बळकटीसोबत तोल आणि शरीर-नियंत्रणाचे व्यायाम देण्यात आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा ते करणाऱ्या संघांत कन्कशनचे प्रमाण ५९ टक्क्यांनी कमी आढळले. तो गुण एकट्या मानेच्या व्यायामाचा म्हणता येणार नाही, पण मान त्या कार्यक्रमाचा भाग होती हे खरे.

मुलींच्या संघांकडे अधिक लक्ष द्यायला हवे, असे मला कळकळीने वाटते. २००५ सालच्याच आणखी एका अभ्यासात स्त्रियांच्या मानेची ताकद पुरुषांपेक्षा सुमारे ४९ टक्के कमी भरली होती आणि सारख्याच भाराच्या झटक्याने त्यांचे डोके अधिक वेगाने हलले होते.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे: मानेत वेदना, हातात मुंग्या किंवा चक्कर जाणवताच थांबावे. डोके जमिनीवर टेकवून शरीराचा भार मानेवर घेण्याचा कुस्तीतला प्रकार नवशिक्यांना देऊ नये. आणि कन्कशनची शंका आलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरता कामा नये, मग त्याची मान कितीही बळकट असो. डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर आधी हलकी हालचाल, ती विनात्रास जमू लागल्यावर निम्म्या जोराने तळहातावर ढकलणे, आणि त्यानंतरच रबरी पट्टा, हा क्रम पाळावा.