चेंडूच्या उसळीत जमिनीचा वाटा

शालेय विज्ञान प्रदर्शनात एक तक्ता हमखास पाहायला मिळतो. एकच चेंडू एक मीटर उंचीवरून फरशी, लाकडी टेबल, सतरंजी आणि वाळू यांवर सोडलेला असतो, प्रत्येक वेळच्या उसळीचे रंगीत स्तंभ शेजारी काढलेले असतात आणि खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष लिहिलेला असतो की, पृष्ठभाग जितका कठीण तितकी उसळी जास्त. मोजमापे बहुधा बरोबर असतात. निष्कर्ष मात्र चुकीचा असतो, आणि तो खोडून काढायला टेनिसची एक जुनी रॅकेट पुरते.

ही रॅकेट दोन विटांवर आडवी ठेवावी, तिची चौकट दोन मुलांनी दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरावी आणि टेनिसचा चेंडू जाळीच्या मधोमध सोडावा. बोटाने दाबली तरी दबणारी ही जाळी चेंडूला दगडी फरशीपेक्षाही उंच उडवते. कठीणपणा हेच उसळीचे कारण असते, तर असे घडले नसते.

खरे कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे. खाली येताना चेंडूच्या स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते; टप्पा पडतो त्या काही सहस्रांश सेकंदांत चेंडू आणि पृष्ठभाग दोघेही दबतात, आणि जो अधिक मऊ असतो त्याच्याकडे या ऊर्जेचा मोठा वाटा जातो. मग तो वाटा त्याने किती परत केला यावर उसळी ठरते. फरशी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे सगळा भार चेंडूवर येतो, आणि चेंडूचे रबर दबून पूर्ववत होताना त्या ऊर्जेतील बराच भाग उष्णतेत घालवते. रॅकेटवर मात्र दबण्याचे बरेचसे काम जाळी करते, आणि ती घेतलेले जवळजवळ सगळे परत करते. वाळूसुद्धा जाळीसारखीच भार आपल्यावर घेते. पण तिचे कण एकमेकांवर घासत बाजूला सरकतात आणि पुन्हा जागेवर येत नाहीत, म्हणून तेथे चेंडू रुतून बसतो. मऊ असणे वेगळे आणि स्थितिस्थापक असणे वेगळे, हा फरक तक्त्यात निसटलेला असतो.

यातूनच मुलांना गोंधळात टाकणारी आणखी एक गोष्ट उलगडते. टेनिसचा चेंडू शहाबादी फरशी, कोबा आणि संगमरवर या तिन्हींवर जवळपास सारखाच उसळतो, कारण तिन्ही ठिकाणी दबतो तो चेंडूच. पृष्ठभागातील बारीक फरक पाहायचे असतील, तर चेंडूच कठीण हवा. काचेची गोटी पक्क्या बसलेल्या फरशीवर टणकन उडते, आणि ज्या फरशीखाली पोकळी राहिली आहे तिच्यावर बदबद आवाज करून खालीच राहते; तिची ऊर्जा फरशीला थरथरवण्यात गेलेली असते. (गोटी हातभर उंचीवरूनच सोडावी, आणि फरशी घरमालकाची नसेल तर बरे.)

मोजमापाची मुख्य अडचण अशी की, चेंडू वर पोहोचून क्षणभरही थांबत नाही. पट्टीशेजारी डोळा लावून बसण्यापेक्षा मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करणे सोयीचे. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यांमधल्या वेळेचा वर्ग करून त्याला ९.८ ने गुणले आणि ८ ने भागले की उसळीची उंची मीटरमध्ये मिळते. हे अंतर ०.६७ सेकंद असेल, तर चेंडू ५५ सेंटिमीटर उसळला आहे. एक मीटरवरून सोडलेल्या चांगल्या टेनिस चेंडूकडून साधारण एवढीच अपेक्षा असते, कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो २५४ सेंटिमीटरवरून कठीण, सपाट पृष्ठभागावर सोडल्यास १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा लागतो. टेबल टेनिसमध्ये अशीच अट उलट टेबलावर आहे: ३० सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू टेबलावर कुठेही पडला तरी सुमारे २३ सेंटिमीटर उसळला पाहिजे.

न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त असेच मोजमाप नोंदवले आहे, फक्त चेंडू खाली न सोडता ते लंबकासारखे टांगून एकमेकांवर आदळवले. टक्करीनंतर दूर जाण्याचा वेग आणि आधी जवळ येण्याचा वेग यांचे गुणोत्तर घट्ट गुंडाळलेल्या लोकरीच्या गोळ्यांसाठी सुमारे ५:९ आणि काचेसाठी सुमारे १५:१६ आले. उंची वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने हीच गुणोत्तरे १०० सेंटिमीटरच्या उसळीत मांडली, तर लोकरीला ३१ आणि काचेला ८८ सेंटिमीटर मिळतात. ही गुणोत्तरे टकरणाऱ्या जोडीची आहेत, एकट्या गोळ्याची नव्हेत.

क्रिकेटमध्ये ही जोडी स्पष्ट दिसते. गल्लीतल्या टेनिस बॉलला कोबा काय आणि डांबरी रस्ता काय, उसळीत फारसा फरक पडत नाही. बुच आणि सुतळीवर कातडे चढवलेला सीझन बॉल मात्र बराच कठीण, त्यामुळे खेळपट्टीची मातीही दबते आणि तिचा स्वभाव उघड होतो. वानखेडे स्टेडियमची लाल मातीची खेळपट्टी उसळीसाठी ओळखली जाते. पण रोलर फिरवून घट्ट केलेली तीच माती ओलसर राहिली, तर ती टप्प्याखाली खचते आणि घेतलेली ऊर्जा परत करत नाही. खेळपट्टीचा जोर तपासण्याची जुनी पद्धतसुद्धा शाळेतल्या प्रयोगासारखीच आहे: १६ फुटांवरून, म्हणजे सुमारे ४.९ मीटरवरून, चेंडू सोडायचा आणि तो किती वर आला ते मोजायचे.