मेंदूदान केलं की चेहरा बिघडतो?

मेंदूदान म्हणजे मृत्यूनंतर मेंदू संशोधनासाठी देणं. ‘मेंदू काढून घेतला की चेहरा ओळखू येत नाही, अंत्यदर्शनही घेता येत नाही’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे. आईचा चेहरा शेवटचा तसाच दिसावा, असं कुणाला वाटणार नाही?

पण चेहऱ्याला हात लागतच नाही. टाळूवरची त्वचा डोक्याच्या मागच्या बाजूने, एका कानामागून दुसऱ्या कानामागपर्यंत उघडतात. कवटीचा वरचा भाग काढून मेंदू बाहेर घेतात, तो भाग परत बसवतात आणि त्वचा शिवतात. टाके केसांत किंवा उशीवर टेकलेल्या बाजूला जातात. हे काम शक्यतो मृत्यूनंतर 24 तासांच्या आत होतं. मग देह घरच्यांच्या ताब्यात येतो, अंत्यविधी नेहमीसारखे करता येतात.

पडताळायचं तर शवविच्छेदन झालेला देह पाहिलेल्या कुणालाही विचारा. डोक्याच्या तपासणीची पद्धत जवळपास हीच असते. दान केलेले मेंदू जपून ठेवणाऱ्या संस्थेचं, म्हणजे मेंदूपेढीचं, संमतिपत्रही वाचता येतं.

‘माझा म्हातारा मेंदू काय कामाचा?’ असंही आजोबा म्हणतात. उलट, स्मृतिभ्रंश नसलेल्या ऐंशीच्या माणसाचा मेंदू आजारी मेंदूशी तुलनेसाठी लागतोच. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारातले अमायलॉइड प्रथिनाचे थर आणि टाऊ प्रथिनाचे गुंते सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच निदान पक्कं होतं.

एक मात्र खरं: देहदानाचा अर्ज भरला म्हणजे मेंदूदान झालं, असं नाही. वेगळी नोंद लागते, आणि ऐन वेळी फोन करायचा असतो मुलांनीच. त्यांना आधी सांगून ठेवा.