भूकंपातील स्थानीय मृदापरिणाम

भूकंपलहरी खालच्या खडकातून माती, वाळू किंवा गाळाच्या थरांत शिरल्या की त्यांचा आयाम (झोक्याचा विस्तार), आवर्तकाल (एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ) आणि हादरे टिकण्याचा अवधी बदलतो. याला स्थानीय मृदापरिणाम म्हणतात. एकाच भूकंपात लगतच्या दोन वस्त्यांपैकी एक कोसळते आणि दुसरी उभी राहते, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

कठीण खडकात कर्तन तरंग, म्हणजे प्रवासाच्या दिशेला काटकोनात जमीन हलवणाऱ्या लहरी, सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगाने जातात. फार मऊ चिकणमातीत हा वेग शंभराच्याही खाली येतो. वेग घटला की आयाम वाढतो. शिवाय लहरी थराच्या तळ-माथ्यावरून परावर्तित होत राहतात आणि थर स्वतःच्या आवर्तकालाने डोलू लागतो. थराच्या जाडीच्या चौपटीला तरंगवेगाने भागले की हा काल ढोबळमानाने मिळतो. 40 मीटर जाडी व सेकंदाला 80 मीटर वेग असेल, तर तो 2 सेकंद. म्हणजे मऊ जमीन सगळी कंपने सारखी वाढवत नाही; स्वतःच्या आवर्तकालाजवळची जास्त वाढवते. इमारतीलाही स्वतःचा आवर्तकाल असतो आणि तो उंचीबरोबर वाढतो. त्यामुळे कोणत्या उंचीची इमारत हे विचारल्याशिवाय ‘मऊ माती धोक्याची’ या विधानाला फारसा अर्थ नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मेक्सिको सिटीचे. 19 सप्टेंबर 1985 च्या भूकंपाचा उगम शहरापासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर, पॅसिफिक किनाऱ्यालगत होता. शहराच्या खडकाळ भागात हादरे बेताचे होते. जुन्या सरोवराच्या गाळावर मात्र कमाल त्वरण (जमिनीचा वेग बदलण्याचा सर्वाधिक दर) खडकाच्या सुमारे पाचपट नोंदले गेले आणि कंपनाचा ताल 2 सेकंदांच्या आसपास राहिला. इमारतीचा आवर्तकाल दर मजल्यामागे साधारण 0.1 सेकंद धरतात. त्या हिशेबाने 20 मजली इमारती जास्त पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात 6 ते 15 मजलीच जास्त पडल्या. तिथल्या मऊ जमिनीवर पायाही हलतो आणि भेगा पडत गेल्या की इमारत लवचिक होते. त्यामुळे तिचा आवर्तकाल लांबून जमिनीच्या तालाशी जुळत जातो. बुटकी घरे आणि 44 मजली टॉरे लॅटिनोअमेरिकाना तगून राहिली.

गाळाने भरलेल्या द्रोणीत, म्हणजे खोलगट खोऱ्यात, आणखी एक भर पडते. तिच्या कडांवर पृष्ठतरंग (जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या लहरी) निर्माण होतात, आत अडकून फिरत राहतात आणि हादरे लांबतात. 1995 मध्ये कोबे येथे असे तरंग थेट आलेल्या लहरींत मिसळल्याने विध्वंसाचा अरुंद पट्टा विभंगावर (खडक तुटून सरकतात त्या भेगेवर) न उमटता त्यापासून काहीसा दूर उमटला. 2015 च्या नेपाळ भूकंपात काठमांडू खोऱ्याने 4 ते 5 सेकंदांची संथ कंपने वाढवली; म्हणून तिथली बुटकी घरे भीती होती त्यापेक्षा कमी पडली.

2001 च्या भूज भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, त्याचे खापर साबरमतीच्या गाळावर फोडले जाते. ते अर्धेच खरे. तळमजल्यावर वाहनांसाठी नुसते खांब सोडण्याची पद्धतही तितकीच जबाबदार होती.

जोरदार हादऱ्यांत माती आपला ताठपणा गमावते आणि ऊर्जा शोषू लागते. त्यामुळे लहान धक्क्यांत मोजलेली वाढ मोठ्या भूकंपाला जशीच्या तशी लावता येत नाही. मातीचे द्रवीकरण, म्हणजे पाण्याने भरलेली माती हादऱ्यांनी द्रवासारखी वागू लागणे, हा त्यापुढचा, वेगळा प्रकार.

जमिनीची प्रतवारी बहुधा वरच्या 30 मीटरमधील सरासरी कर्तन-तरंगवेगावरून करतात. 180 मीटर प्रतिसेकंदाखालची जमीन मऊ धरली जाते. खोल द्रोणीसाठी हा निकष तोकडा पडतो, कारण तिथला संथ ताल शेकडो मीटर खालचे थर ठरवतात.