‘कुड’मधला भूतकाळ आणि ‘जरा रजा हवी होती’

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी चार-पाच जणी इंग्रजी शिकायला येतात. परवा त्यांतल्या एका वहिनींनी मोबाइल पुढे केला. साहेबांना पाठवायचा मेल लिहिला होता: ‘गिव्ह मी लीव्ह ऑन मंडे.’ व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती, पण वाचणाऱ्याला तो हुकूमच वाटला असता. मी ‘कुड आय टेक लीव्ह ऑन मंडे’ असं सुचवलं, तर त्या थबकल्या. “पण ताई, कुड म्हणजे ‘शकले’ ना? मी अजून रजा घेतलीच नाही.”

त्यांची शंका अगदी रास्त होती. मी विचारलं, “हेच साहेबांना मराठीत कसं सांगाल?” त्या लगेच म्हणाल्या, “सर, सोमवारी जरा रजा हवी होती.”

हवी होती! सोमवार उजाडायचा आहे, रजेची गरज आजही आहे, तरी क्रियापद भूतकाळात. शेजारी जाऊन ‘एक काम होतं तुमच्याकडे’ म्हणतो, दुकानात ‘निळ्या रंगात बघायचं होतं’ म्हणतो, तेव्हाही आपण हेच करतो. मागणं एक पाऊल मागे नेऊन ठेवलं की समोरच्यावर त्याचा भार पडत नाही. इंग्रजीतल्या ‘कुड’ आणि ‘वुड’ची अदबही याच मागे सरकण्यातून आली आहे. शाळेत मात्र आपल्याला ‘कॅन म्हणजे शकणे, कुड म्हणजे शकला’ एवढंच पाठ करायला लावतात आणि तिथेच वाट चुकते.

मुळात ‘कॅन’चा उगम शकण्यात नाहीच, तो जाणण्यात आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘कुन्नन’ हे क्रियापद होतं. त्याचा अर्थ ठाऊक असणं, एखादी गोष्ट कशी करायची हे माहीत असणं. ‘नो’ म्हणजे जाणणे, हे त्याचंच भावंड. संस्कृतातला ‘ज्ञा’ धातूही याच कुळातला आणि त्याच ‘ज्ञा’वरून आपलं ‘जाणणे’ आलं. म्हणजे ‘कॅन’ आणि आपला ‘जाणकार’ एकमेकांचे दूरचे नातलग ठरतात. लबाड या अर्थाचा ‘कनिंग’ एके काळी जाणत्या, कसबी माणसासाठी वापरत. गावंढळ या अर्थाचा ‘अनकूथ’ मुळात ‘अनोळखी’ होता.

‘मे’ची गोष्ट वेगळी आहे. त्याचं जुनं रूप ‘मगन’, म्हणजे अंगात बळ असणं. त्याचं भूतकाळी रूप ‘माइट’, आणि ताकद या अर्थाचं ‘माइट’ हे नामही त्याच मुळातून आलेलं. म्हणजे पूर्वी पोहायला शिकलेला माणूस ‘कॅन’ वापरी आणि पूर ओलांडण्याइतकी ताकद असलेला ‘मे’. पुढे ‘मे’ बळाकडून शक्यतेकडे आणि तिथून परवानगीकडे सरकला, आणि ज्ञान व बळ या दोन्हींचा भार एकट्या ‘कॅन’वर पडला.

इंग्रजीने हा भेद गमावला, मराठीने तो अजून जपला आहे. ‘मला पोहता येतं’ म्हणजे मी शिकले आहे. ‘आज मी पोहू शकत नाही’ म्हणजे काहीतरी अडचण आहे. आणि आजी जेव्हा म्हणते, ‘आता मला जिना चढवत नाही,’ तेव्हा तिसरीच गोष्ट सांगते. जिना कसा चढायचा ते तिला ठाऊक आहे, वाटेत अडसरही नाही, पण शरीर साथ देत नाही. शाळेच्या व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. हे तिन्ही एकाच ‘कॅन’मध्ये कोंबायला सांगितलं की शिकणारी व्यक्ती गोंधळते, आणि ते स्वाभाविकच आहे.

बडोद्यात यात आणखी एक पदर मिसळतो. गुजरातीत कसब सांगायला ‘आवडवुं’ हे क्रियापद आहे. ‘मने तरतां आवडे छे’ म्हणजे मला पोहता येतं. पुण्याहून लग्न होऊन इथे आलेल्या सुनेला शेजारच्या बेनने ‘तने रोटली बनावतां आवडे छे?’ असं विचारलं, तर तिला वाटतं, पोळ्या करायला आवडतात का असं विचारताहेत. ती प्रांजळपणे ‘फारसं नाही’ म्हणते, आणि वाड्यात चर्चा होते की नव्या सुनेला स्वयंपाक येत नाही. हा घोळ इथल्या बऱ्याच मराठी घरांत झाला आहे. मला मात्र तो शिकवताना फार उपयोगी पडतो. ज्यांच्या कानाला ‘येतं’, ‘आवडे छे’ आणि ‘शकतो’ यांतला फरक उपजत कळतो, त्यांना ‘कॅन’चा इतिहास लगेच उमगतो.

आता त्या भूतकाळाकडे येऊ. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ ही रूपं फार पूर्वी स्वतःच भूतकाळी होती. मराठीत ‘कळलं का?’ असं विचारलं की आपण ‘कळलं’ म्हणतो. रूप भूतकाळी, पण अर्थ आत्ताचा: मला ठाऊक आहे. ‘कॅन’चंही तसंच झालं. आधी कळलं, म्हणून आता ठाऊक आहे. ‘ही कॅन्स’ असं कधी होत नाही, त्याचं कारण हेच. वर्तमानकाळी क्रियापदाला लागणारा ‘स’ या जुन्या भूतकाळी रूपाला कधी लागलाच नाही. पुढे त्याला नवा भूतकाळ हवा होता म्हणून ‘कूथे’ हे रूप तयार झालं, आणि चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर त्याची जागा घेणारं ‘कुडे’ लिहितो. त्यात ‘ल’ नाही. ‘वुड’ आणि ‘शुड’ यांत तो मुळापासून होता, कारण ती ‘विल’ आणि ‘शॅल’ची रूपं. त्यांच्या देखादेखी ‘कुड’च्या स्पेलिंगमध्येही तो शिरला. उच्चारात त्याला कधीच स्थान मिळालं नाही. स्पेलिंग घोकताना या ‘ल’वर रडलेल्या प्रत्येक मुलाला हे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

‘विल’ म्हणजे इच्छा असणं, ‘शॅल’ म्हणजे देणं लागणं. ‘विल यू’ हा प्रश्न मुळात ‘तुमची इच्छा आहे का’ असा होता. मराठीत तिथे आपण साधा भविष्यकाळ वापरतो, ‘द्याल का?’, आणि गुजरातीतही ‘आपशो?’ म्हणतात.

विनंतीसाठी ‘कॅन यू’, ‘कुड यू’ विचारण्याची रीत मात्र त्या मानाने अलीकडची आहे. शेक्सपियरच्या काळात लोक ‘आय प्रे यू’ म्हणत, म्हणजे विनवणी करत. ‘प्लीज’ आला तो ‘तुमच्या मर्जीस येत असेल तर’ अशा वाक्यातून. समोरच्याला जमेल का असं विचारून काम सांगायचं, म्हणजे नाही म्हणायलाही वाट मोकळी राहते, ही पद्धत एकोणिसाव्या शतकात रुळत गेली.

त्याच शतकात हे इंग्रजी बडोद्याच्या राजवाड्यात आलं. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. त्याला अक्षरओळखही नव्हती. एलियट या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्याने मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम शिकायला घेतल्या आणि १८८१ मध्ये सयाजीराव महाराज म्हणून राज्याची सूत्रं हाती घेतली. १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मोठ्या वयात भाषा शिकण्याचे कष्ट स्वतः सोसलेल्या माणसाने हे करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. याच्या उलट दिशेचा प्रवास अरविंद घोष यांचा. लहानपणापासून इंग्लंडमध्ये वाढलेले अरविंदबाबू १८९३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले, इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि आपल्या देशातल्या भाषा इथेच आत्मसात केल्या.

आपल्या शाळांतलं इंग्रजी त्याच जमान्यातलं आहे. परवानगीसाठी ‘मे’ आणि क्षमतेसाठी ‘कॅन’ हा नियम तेव्हाचे शिक्षक आग्रहाने पाळत. ‘मे आय कम इन, सर?’ वर्गाच्या दारात एक हात वर करून म्हटलेलं हे वाक्य आजही तसंच ऐकू येतं, आणि पुष्कळांच्या बाबतीत आयुष्यातलं पहिलं अख्खं इंग्रजी वाक्य तेच असतं. इंग्लंडमध्ये मात्र रोजच्या बोलण्यात परवानगीसाठी सर्रास ‘कॅन आय’ चालतं. म्हणून ‘कॅन आय’ लिहिणाऱ्या मुलीची वही मी लाल करत नाही. मराठीत तर ‘आत येऊ का?’ एवढ्यावर भागतं, साहाय्यक क्रियापदाची गरजच पडत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. ‘शकणे’ ज्या ‘शक्’ धातूवरून आलं, त्याच्याच इच्छादर्शक रूपातून संस्कृतात ‘शिक्ष्’ झाला आणि त्यातून आपलं ‘शिकणे’. शिकणं म्हणजे मुळात करू शकण्याची इच्छा. हे सांगितलं तेव्हा वहिनींनी वहीत ‘शक्’ आणि ‘शिक्ष्’ एकाखाली एक लिहून घेतलं.

मग मोबाइल उचलून त्यांनी विचारलं, “म्हणजे ‘हवी होती’चं थेट ‘आय वॉन्टेड टू आस्क फॉर लीव्ह ऑन मंडे’ केलं तर?”

चालतं. इंग्रजही असंच म्हणतात. माझं ‘कुड आय’ खोडून त्यांनी तेच पाठवलं.