रजेचा आठवा दिवस

नोकरदार माणूस एक आकडा फार जपतो: शिल्लक रजा. मुलीच्या बारावीला, आईच्या आजारपणाला, घरातल्या लग्नाला लागेल म्हणून ती राखून ठेवतो. त्यात चूक काहीच नाही. पण हजेरीपटावर रजा साठत असताना शरीरात विसावा साठत नसतो.

नेदरलँड्समध्ये जेसिका डी ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 54 नोकरदारांची रजेआधी, रजेत आणि परत आल्यावर विचारपूस केली. तब्येत कशी आहे, थकवा किती, ताण किती, मन कसं आहे? त्यांची रजा सरासरी 23 दिवसांची होती. सगळ्यांचं मिळून पाहिलं तर बरं वाटणं चढत गेलं आणि आठव्या दिवशी सर्वांत वर पोचलं. कामावर रुजू झाल्यावर मात्र पहिल्याच आठवड्यात ते पुन्हा मूळ जागी आलं. तीन आठवड्यांची रजासुद्धा पुढच्या महिन्याला पुरली नाही! म्हणून वर्षातून एकदाच मोठी रजा काढण्यापेक्षा ती दोन-तीनदा विभागून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

असं का होतं? कामाच्या ताणात अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो. काम थांबलं की हे सगळं उतरायला हवं. ते पूर्ण उतरण्याआधीच दुसरा दिवस उजाडला, तर तेवढ्याच कामाला जास्त जोर लावावा लागतो आणि थकव्यावर थकवा चढतो. गावी जाऊनही ऑफिसच्या ग्रुपवर डोळा ठेवला तर मन कामातच राहतं, मग उतार पडणार कसा?

अमेरिकेत हृदयविकाराचा धोका असलेल्या 12,338 मध्यमवयीन पुरुषांवर नऊ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. दरवर्षी सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. सुट्टीमुळेच आयुष्य वाढलं असं यातून सिद्ध होत नाही. ज्याची तब्येत आणि खिसा बरा, तोच सुट्टीवर जाऊ शकतो, असंही असेल. संशोधकांनी उत्पन्नासारखे फरक हिशेबात धरले, तरी संबंध उरला.

रजा हक्काची असली तरी मागायला माणूस कचरतो. जपानने तर 2019 पासून मालकावरच जबाबदारी टाकली: ज्याला वर्षाला दहा किंवा जास्त दिवसांची पगारी रजा मिळते, त्याने त्यातले किमान पाच दिवस घेतलेच पाहिजेत.

आपल्याकडे 10 जून 1890 रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. 1948 च्या कारखाना कायद्याने दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली, पण आधीच्या वर्षात 240 दिवस काम भरलेलं हवं. 2020 च्या नव्या कामगार संहितेत ही अट 180 दिवसांवर आली. तरी ज्या कंत्राटी कामगाराला दिवस भरण्याआधीच 'ब्रेक' दिला जातो, आणि ज्या घरकामवालीचा खाड्याचा पगार कापला जातो, त्यांच्या वाट्याला सलग आठ दिवस कधी येतात?